एचएसआर लेआउटला निघालेली किडनी

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

जुळत नाही! माझा रक्तगट बी निघाला. यांचा ए.

वीस वर्षं मी स्वतःला ए समजत होते. लेक संहिता झाली तेव्हाच्या बाळंतपणाच्या कार्डावर कुणीतरी ए लिहून ठेवलं आणि मी ते धरून बसले. आज डॉक्टर म्हणाले, "दोन्ही किडन्या उत्तम आहेत तुमच्या. फक्त यांना चालणार नाहीत." उत्तम! या संसारात माझं काही उत्तम आहे असं पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं, आणि तेही बिनकामाचं.

येताना यांनी बसमध्ये माझ्या हातातली पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली, एवढंच. अडीच वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मिक्सर-दुरुस्तीचं दुकान निम्मा वेळ बंद. आणि तरी पिशवी यांनाच घ्यायची असते.

९ जानेवारी, गुरुवार

हॉस्पिटलमधून पवित्राचा फोन. ट्रान्सप्लांटची सगळी जुळवाजुळव ही पोरगी बघते. इथली बंगळूरची, कन्नड; मला अक्का म्हणते, यांना अण्णा. म्हणाली, आणखी एक जोडपं आहे, त्यांचं बरोबर तुमच्या उलटं. नवऱ्याचा बी, बायकोचा ए. म्हणजे तिची किडनी यांना आणि माझी तिच्या नवऱ्याला. अदलाबदल! कायद्यात बसतं म्हणे, समितीची परवानगी घ्यावी लागते. चारही ऑपरेशनं एकाच दिवशी, एकाच वेळी.

"एकाच वेळी का गं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "अक्का, नीवु नाल्कु जनानू इंटरकनेक्टेड. तुम्ही चौघंही एकमेकांत गुंतलेले. एकानं नाही म्हटलं की चौघांचंही होत नाही."

म्हणजे माझी काढून झाली आणि ती बाई उठून पळाली तर? किंवा तिची काढली आणि मी पळाले तर? म्हणून एकाच वेळी. किती विचार करून ठेवलाय माणसांनी माणसांचा.

दिवसभर तो शब्द तोंडात घोळत राहिला. इंटरकनेक्टेड. हातात कुच्चूचं काम होतं. साडीच्या पदराचे दोरे सोडवायचे आणि त्यांचे गोंडे बांधायचे, बुटीकवाले साडीमागे पैसे देतात. जाळीचा कुच्चू असला की डावीकडच्या गाठीतली अर्धी बट आणि उजवीकडच्या गाठीतली अर्धी बट घेऊन खालची गाठ मारायची. मग कुठलीच गाठ एकटीची राहत नाही. आज मी एक अख्खी ओळ चुकले आणि उसवत बसले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारच्या कावेरीअक्कांकडून एळ्ळु-बेल्ला आलं, म्हणजे इथला तीळगूळ. यांनी चार तीळ जिभेवर ठेवले, पथ्यामुळं खोबऱ्याकडे नुसतं बघितलं. "गोड बोलतो की, काळजी करू नको," म्हणाले.

१७ जानेवारी, शुक्रवार

भेटलो! हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये. मी चांगली चार कन्नड वाक्यं जुळवून गेले होते, आणि ती बाई समोर येऊन म्हणते काय — "तुम्ही मराठी?" दोघींनाही हसू आवरेना. पवित्रा बिचारी आमच्या तोंडाकडे बघत राहिली.

तिचं नाव सिद्धी. नागपूरची, पस्तिशी-छत्तिशीची. नवरा योगीराज, तोही तिकडचाच. दोघंही आयटीत, एचएसआर लेआउटला सातव्या मजल्यावर राहतात. मूलबाळ नाही. तो वर्षभर डायलिसिसवर आहे. उंच, किडकिडीत, बोलताना सारखा चष्मा पुसतो. डायलिसिससाठी हातावर शीर जोडलेली असते ना, ती यांनी आणि त्यानं बाह्या वर करून एकमेकांना दाखवली. पोरं गोट्या दाखवतात तशी!

सिद्धी म्हणाली, "ताई, ॲक्च्युअली मला खूप विअर्ड वाटत होतं. अनोळखी माणसाच्या बॉडीत माझं काहीतरी जाणार म्हणून. पण दादांना बघून आता नाही वाटत."

"मला तर अजून वाटतंय बाई," मी म्हणाले. ती मोठ्यानं हसली. मला आवडली.

योगीराजला मी विचारलं, हा इंटरकनेक्टेड शब्द तुमच्या कामात कसा वापरता? तो एकदम खुलला. त्याच्याकडे शेकडो मशिनं एकमेकांना जोडलेली असतात. "पण ताई, आम्ही नेहमी एक दुसरी वाट ठेवतो. एक पडलं तर बाकीचे पडू नयेत म्हणून."

यांनी मान हलवली. "आपली ही गणपतीची माळ आहे. सिरीज. एक बल्ब गेला की सगळी बंद."

मग दोघं अर्धा तास वायरिंगवर बोलत बसले. मिस्त्रीला मिस्त्री भेटला.

२२ जानेवारी, बुधवार

यांचे डायलिसिसचे चार तास. मी बाहेरच्या बाकावर.

माझी किडनी एचएसआर लेआउटला राहायला जाणार! बसल्या बसल्या तेच डोळ्यांसमोर येत राहिलं. लिफ्टनं वर जाईल. सातव्या मजल्यावरून तळं दिसतं म्हणे. इथं चामराजपेटेत जन्म गेला तरी मागच्या भिंतीपलीकडे काही दिसलं नाही, आणि ती बघा, बाल्कनीत बसून वारा खाईल. ऑफिसला जाईल, एसीत. इंग्रजी ऐकेल. आणि सिद्धीची किडनी इकडे येईल, दोन खोल्यांत, दिवसभर मिक्सरची घरघर ऐकायला. तिची बिचारीची बढती नाही, बदलीच म्हणायची.

मी इथं पाणी पिणार आणि तिकडे त्याला बरं वाटणार, असं काही होत नाही हे मला कळतं. एकदा गेली की त्याची झाली. पण मनाला कोण सांगणार! आज मी उगीचच दोन पेले जास्त पाणी प्याले.

बाकासमोर टीव्ही लावलेला असतो. त्यावर एक स्वामीजी सांगत होते, सारं विश्व इंटरकनेक्टेड आहे, पान हललं तर तारा हलतो. माझ्या शेजारची बाई डोळे मिटून ऐकत होती. मला विश्वाबद्दल काही म्हणायचं नाही. विश्वाला फॉर्म भरावे लागत नाहीत. आम्ही चौघं आहोत, पानापानावर आमच्या सह्या आहेत, आणि चौघांपैकी कुणालाही साधा ताप आला तर तारीख पुढे जाणार आहे.

दुपारी घरी आल्यावर हे झोपले. मी त्यांच्या हाताला कान लावला, शीर जोडली आहे तिथं. सूंऽ सूंऽ आवाज येतो, लांबवर पिठाची गिरणी चालल्यासारखा. किती तरी वेळ ऐकत राहिले.

२ फेब्रुवारी, रविवार

सिद्धी हळदीकुंकवाला आली. एवढ्या लांबून, ऑटोनं. गल्लीच्या तोंडाशी संहिता घ्यायला गेली होती.

मी तिची ओटी भरली. न भरून कसं चालेल? जिचं काळीज — काळीज नाही, किडनी — माझ्या घरात नांदायला येणार, तिला रिकाम्या पदरानं पाठवू? साडी घेतली होती मोरपिशी, कुच्चू मी स्वतः बांधलेला, चार दिवस खपून. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि एक रुपयाचं नाणं. ती पाटावर बसली आणि तिला रडूच आलं. "ताई, इथे आल्यापासून कुणी केलंच नाही हो हे."

तिनं वाण म्हणून मला पाण्याची बाटली दिली. तिच्यावर रेघा आहेत — आठ वाजता इथपर्यंत, दहा वाजता इथपर्यंत. "योगीच्या किडनीची काळजी घ्या," म्हणाली. म्हणजे माझ्याच! आम्ही हसून हसून दमलो.

ती गेल्यावर मला प्रश्न पडला, ही माझी कोण? नवऱ्याच्या भावाची बायको जाऊ, मुलाची सासू विहीण, बहिणीचा नवरा मेहुणा. आपल्यात कुणाचं कुणाशी काय नातं याला नाव आहे. पण जिच्या नवऱ्यात माझी किडनी आणि माझ्या नवऱ्यात जिची, तिला काय म्हणायचं? यांना विचारलं. म्हणाले, "सिद्धी म्हण की."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काय करून बसले मी!

आज समितीपुढे मुलाखत होती. टेबलापलीकडे चार माणसं, आणि आम्हाला एकेकाला वेगळं बोलावलं. सगळं नीट चाललं होतं. किडनी कशासाठी देता, कुणाचा दबाव आहे का, धोका समजावून सांगितला का. मग एक साहेब कन्नडमध्ये म्हणाले, "या दोन कुटुंबांत काही देणंघेणं झालं का?"

"हो," मी म्हणाले.

चौघांनी वर बघितलं.

"काय झालं?"

"साडी दिली. खण, नारळ. पैसे."

"पैसे? किती?"

"एक रुपया."

टाइप करणारा माणूस थांबला. मी सांगितलं, ओटी भरली, साहेब, आमच्यात भरतात. तिनंही मला बाटली दिली. एक बाई सदस्य किंचित हसल्या, पण मोठे साहेब गंभीर. वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "अम्मा, तुमच्यावर संशय नाही. पण आधी ज्या आत आल्या होत्या त्यांनी लिहून दिलंय की काहीच दिलं-घेतलं नाही. दोन जबाब जुळत नाहीत. जुळल्याशिवाय आम्हाला सही करता येत नाही."

सिद्धीनं नाही म्हटलं होतं! पवित्रानं बजावलं होतं ना, देणंघेणं विचारतील, तसलं काही नको. तिनं ते पैशापुरतं धरलं आणि सरळ नाही म्हटलं. मी आपली साडी-खणासकट सगळं सांगून मोकळी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फाइल पुढच्या बैठकीला ठेवली. तीन आठवडे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सिद्धीचा मेसेज — "ताई, तो एक रुपया नसता सांगितला तर आज डेट मिळाली असती."

खरं आहे. मी फोन उलटा ठेवला.

७ मार्च, शुक्रवार

परवा यांच्या छातीत पाणी भरलं. सकाळी दुकानाचं शटर वर करताना तिथंच खाली बसले. श्वास घेता येईना, ओठ काळेनिळे. संहितानं ऑटो आणला. जादाचं डायलिसिस झालं, दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, फार लांबवू नका आता.

मीच लांबवलंय, हे त्यांना कुठं माहीत.

यांच्या उशाशी बसून म्हटलं, माझ्यामुळं झालं सगळं. नाकावर मास्क होता तरी म्हणाले, "खरं बोललीस की. त्यात काय चुकलं?" ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाहेर आले तर बाकावर सिद्धी! तिला पवित्रानं सांगितलं म्हणे. डब्यात साबुदाण्याची खिचडी. डबा माझ्या हातात दिला आणि डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, समोर टीव्ही चालू होता.

१८ मार्च, मंगळवार

मिळाली! परवानगी मिळाली!

सिद्धी तीच साडी नेसून आली होती. मोरपिशी. मला आधी सांगितलंही नाही. या वेळी दोघींना एकत्रच आत घेतलं. ती समितीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, ही ती साडी, आणि हा तो रुपया. पर्समध्ये कागदाच्या घडीत जपून ठेवलेला! टेबलावर ठेवला. त्या बाई सदस्य हुबळीकडच्या निघाल्या. मोठ्या साहेबांना म्हणाल्या, "उडी तुंबिद्दारे, सर. आमच्याकडेही माहेरवाशिणीची उडी भरतात." उडी म्हणजे आपली ओटी. मग त्यांनी पदर हातात घेऊन कुच्चू बघितला आणि विचारलं, कुणी बांधला? मी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

दोघींचे जबाब पुन्हा लिहिले. जुळले. बाहेर पवित्रानं मिठीच मारली. "सरी अक्का, मुगीतु!" झालं एकदाचं! ऑपरेशन ९ एप्रिलला.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. कावेरीअक्कांच्या दाराला आंब्याचं तोरण. यांनी दुकानातल्या सगळ्या मिक्सरांना हळदकुंकू लावलं, गिऱ्हाइकांच्यासुद्धा.

८ एप्रिल, मंगळवार

हॉस्पिटल. आमच्या दोघींच्या खाटा शेजारी शेजारी. हे आणि योगीराज पलीकडच्या वॉर्डात.

मी घाबरले नाहीये.

खोटं. घाबरले आहे. पण शेजारी ती आहे, तीही तशीच असणार. संध्याकाळी खिडकीतून जांभळी फुलं दिसत होती, रस्ताभर सडा. आम्ही बघत पडलो होतो. सिद्धी म्हणाली, "ताई, उद्या या वेळेला मी थोडी तुमच्या घरची झालेली असेन." मी म्हटलं, आणि मी तुझ्या. डोळा लागला तेव्हा स्वप्नात मी लिफ्टमधून वर चालले होते, आणि मजले संपतच नव्हते. भीती नव्हती वाटत. छान गार वारा होता.

१० एप्रिल, गुरुवार

काल शुद्धीवर आले तेव्हा हात आधी कुशीवर गेला.

पट्टी नाही. टाका नाही. काहीच नाही.

मी नर्सला हाका मारल्या. पवित्रा आली. तिचे डोळे लाल. खाटेवर बसून तिनं हळूहळू सांगितलं. एकाच वेळी सुरू करायचं होतं, पण माझ्या आणि योगीराजच्या बाजूला भूल द्यायला उशीर झाला. सिद्धीची किडनी काढली, यांना बसवायला घेतली. माझ्यावर सुरी ठेवणार तेवढ्यात योगीराजच्या हृदयाचे ठोके बिघडले. भूल चढता चढताच. डॉक्टरांनी त्याचं तिथंच थांबवलं, म्हणून माझंही थांबवलं. घेणाराच तयार नाही तर काढून ठेवणार कुठं? तो वाचला. अतिदक्षता विभागात आहे. चूक कुणाचीच नाही, असं ती तीनदा म्हणाली.

"आणि हे?"

"अण्णा चेन्नागिद्दारे, छान आहेत. नवी किडनी लगेच सुरू झाली."

मला हसू आलं की रडू, ते अजून कळत नाही. माझ्या दोन्ही जागच्या जागी आहेत.

११ एप्रिल, शुक्रवार

सिद्धीला सगळं सांगितलं त्यांनी. मी भिंत धरत तिच्या खाटेशी गेले. मला कसलीच जखम नाही आणि मी भिंत धरून चालतेय! ती पांढरीफटक पडली होती. खूप दुखतंय म्हणाली. मी तिचा हात धरला.

तीच म्हणाली, "ठीक आहे ताई. तो बरा झाला की करू. तुम्ही आहात ना."

मी म्हटलं, आहे.

१६ एप्रिल, बुधवार

यांना लघवी होते! दोन वर्षांत थेंब नव्हता, आणि आता दिवसाला तीन-तीन लिटर. नर्स मोजून लिहिते. परवा हे मला काचेतून बाटली उंच करून दाखवत होते, बक्षीस मिळाल्यासारखी. मी भर कॉरिडॉरमध्ये टाळ्या वाजवल्या. लोक बघत होते. बघू देत!

२ मे, शुक्रवार

हे घरी आले. तोंडाला मास्क, रोज सोळा गोळ्या. पण चेहरा बघावा! राख जाऊन माणसाचा रंग आलाय. आज डॉक्टरांनी अर्धा पेला शहाळ्याचं पाणी प्यायला परवानगी दिली. अडीच वर्षांनी. हे एकेक घोट घेत डोळे मिटून बसले होते. मीही समोर बसले, काही न करता.

सिद्धी रोज फोन करते. "काय म्हणतेय माझी किडनी?" मी म्हणते, रमली हो, मिक्सरची सवय झाली तिला. ती हसते. मग मी विचारते, योगीराज कसा आहे?

१९ मे, सोमवार

योगीराजला बघायला एचएसआरला गेले. पहिल्यांदाच. खरंच तळं दिसतं. लिफ्टमध्ये आरसा आहे.

तो फार वाळलाय. हृदयाची औषधं चालू आहेत, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बघतील म्हणाला. डायलिसिस आहेच. "घाई नाही ताई. आरामात." चष्मा पुसत होता. सिद्धी आतून चहा घेऊन आली, एका हातानं कूस धरून. अजून वाकता येत नाही तिला.

तिनं मला घर दाखवलं. सगळ्या खोल्या. मी बघितल्या, छान आहे म्हटलं. खरं सांगू? या घराची मी इतकी स्वप्नं बघितली, पण आज तिथं उभी असताना मला लवकर निघावंसं वाटत होतं.

२८ मे, बुधवार

संहिता आज भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, फॉर्मवर लिहिलंय. डोनर कधीही माघार घेऊ शकतो. कारणसुद्धा द्यायला लागत नाही."

मी तिला फाडफाड बोलले. गरज सरो, वैद्य मरो, असली माणसं आपण नव्हे! त्या बाईनं बापाला जीव दिला तुझ्या! पोरगी खाली मान घालून म्हणाली, "बाबांना काही झालं तर तूच आहेस ना आम्हाला. तुलापण एकच राहिली तर?" मग रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. का घेतलं नाही?

दुपारी ती कॉलेजला गेल्यावर मी फॉर्म काढून वाचला. आहे. तसंच लिहिलंय.

५ जून, गुरुवार

आता मला कुणी बांधलेलं नाही. हेच ते. आधी कुणीतरी नाही म्हटलं की चौघांचं बुडत होतं, तेव्हा हो म्हणणं किती सोपं होतं! हो म्हटलं की हे वाचत होते. आता हे वाचलेत. नाही म्हटलं तर माझ्या घरातलं काही जात नाही. तो शब्द मी पाच महिने तोंडात घोळवला, मिरवला, गंमत केली त्याची. त्याचा भार आज कळतोय.

मला भीती वाटते. सुरीची नाही. यांच्या अंगानं उद्या ती किडनी नाकारली तर? मी आजारी पडले तर? संहिताचं लग्न व्हायचंय. हे सगळं खरं आहे, आणि हे सगळं जानेवारीतही खरं होतं.

यांना विचारलं. हे मिक्सरचं भांडं पुसत होते. लगेच म्हणाले, "जायचं की. शब्द दिलाय. घर मी बघतो." एका क्षणात. त्यांना विचारच करावा लागला नाही.

मी जाणार. लिहून ठेवते, म्हणजे नंतर पळता येणार नाही. मी जाणार.

१२ जून, गुरुवार

सिद्धीचा मेसेज, सकाळी — "ताई!! योगी फिट! दोन जुलैची डेट मिळालीय!"

दहापासून पवित्राचा फोन येतोय. पाच वेळा वाजला. फोन माझ्या समोरच होता, मी त्याच्याकडे बघत बसले होते. हे आतून म्हणाले, "कुणाचा गं एवढा?"

"राँग नंबर," मी म्हणाले.